भाच्याला एरियातल्या 'दादा'ने जवळ केलंय, काय करावं? (मोठं झालंय, सांभाळून घ्या)

घाटावरची:

नमस्कार मंडळी. इथे वाचनमात्रच असते, आज लिहितेय. नावं-गावं मुद्दाम देत नाही, पुण्याच्या कडेचं एक उपनगर एवढं समजा.

धाकट्या बहिणीचा मुलगा, सोळा पूर्ण, अकरावीला नाव आहे पण कॉलेजला जात नाही. मेहुणे कोविडमध्ये गेले. बहीण कंपनीत पॅकिंगला आहे, सेकंड शिफ्ट असली की घरी यायला रात्रीचे बारा. पोरगं वाईट नाही हो, आजीच्या गोळ्या संपायच्या आधी आणून ठेवणारं पोरगं आहे. दिवाळीपासून एरियातल्या एकाच्या मागे फिरतोय. तिशीचा असेल तो, सगळे दादा म्हणतात, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री आणि प्लॉटिंग असं सांगतात पण खरं काय ते सगळ्या गल्लीला माहितीये. आधी मंडळाच्या वर्गणीचं काम, मग याच्याकडे भारी फोन आला, विचारलं तर म्हणे दादाचा जुना आहे. मग दादाच्या बड्डेला चौकात फ्लेक्स, खाली शुभेच्छुकांच्या ओळीत याचा गॉगल घातलेला फोटो आणि नावापुढे 'भाऊ'. सोळा वर्षांचं पोर आणि भाऊ! केक कोयत्याने कापला, ती रील याच्या स्टेटसला. बहीण म्हणते बापाविना पोर आहे, कुणीतरी लक्ष देतंय ना.

आता दोन गोष्टी झाल्यात. एक म्हणजे याने एक सॅक आणून माळ्यावर टाकली आणि दोन दिवसांनी परत घेऊन गेला, विचारलं तर म्हणे दादाच्या मित्राचे कपडे. आणि परवा आईकडे तिचं पासबुक, एटीएम कार्ड मागितलं, तिच्या आधारवर नवीन सिमही काढायचं म्हणाला, दादाची पेमेंटं यायचीत, महिन्याला पाच हजार मिळतील. तिने नाही म्हटलं तर हा रडला. चिडला असता तर मला एवढं वाटलं नसतं, पण रडला, आणि म्हणाला मी शब्द दिलाय.

पोलिसात गेलो तर पोरगंच आत जाईल अशी भीती. मारावं का, गावी पाठवावं का, त्या दादाला जाऊन भेटावं का? आणि हे लोक पोरांच्या डोक्यात नेमकं काय घालतात हे कुणी जवळून बघितलं असेल तर प्लीज सांगा.

रोखठोक_अण्णा:

दोन कानाखाली द्या आणि फोन काढून घ्या. आमच्या वेळी बापाचा पट्टा होता म्हणून आम्ही सरळ राहिलो. हल्ली पोरांना सगळं समजावून सांगायचं फॅड आलंय. सोळा वर्षांच्या पोराला कोयता म्हणजे काय ते कळत नाही काय?

रात्रशाळा_मास्तर:

अण्णा, राग समजतो, पण ज्या पोराला घरी मार पडतो त्याचा त्या दादाला फायदाच होतो हो. संध्याकाळी तो गालावरचे वळ बघून विचारणार, कुणी मारलं रे तुला.

ताई, मी रात्रशाळेत बरीच वर्षं शिकवलं, आता रिटायर आहे. असे दादा जवळून बघितलेत आणि त्यांच्यातला एकही पोराला पहिल्या दिवशी वाईट काम सांगत नाही. उलट पहिले काही महिने पोराचं भलंच होतं, म्हणून तर घरच्यांनाही बरं वाटतं. तो आधी पोरं निवडतो. टपरीवर बसून बघत असतो की कुणाला घरून फोन येत नाही, कोण रात्री अकरालाही कट्ट्यावर आहे, कुणाला बाकीची पोरं चिडवतात. ज्याचा बाप किंवा मोठा भाऊ हुडकत येतो त्याला तो शक्यतो हात लावत नाही, कटकट नको म्हणून. मग नाष्टा, रिचार्ज, आणि मग गाडीची चावी. ही चावी फार मोठी गोष्ट आहे, घरात सायकलसुद्धा नसलेल्या पोराला बुलेटची चावी फेकून 'जा, एक राउंड मारून ये' म्हटलं की ते पोर त्या माणसासाठी काहीही करेल. वर लायसन नाही, म्हणजे 'घरी बोलू नकोस हं'. झालं, दोघांच्यात पहिलं गुपित तयार झालं. मग बिअरचं गुपित, मग आणखी कशाचं. प्रत्येक गुपिताबरोबर घर एक पायरी लांब जातं आणि दादा एक पायरी जवळ येतो, तो कधी दम देत नाही, फक्त म्हणतो तुझ्या आईला काय कळतंय, ती तुला अजून बारकाच समजते.

माझ्या वर्गातल्या एका मुलाला पहिलं काम काय मिळालं सांगतो. समोरच्या दुकानाचा मालक शटर किती वाजता पाडतो आणि गल्ला कुठल्या पिशवीतून नेतो एवढंच बघून सांगायचं. यात गुन्हा काय, चहा पीत बसायचं! काही दिवसांनी त्या मालकाला रस्त्यात लुटलं आणि दादाने या मुलाच्या हातात दोन हजार ठेवले, तुझा हिस्सा म्हणून. तोपर्यंत त्या मुलाला माहितीच नव्हतं की तो चोरीत आहे. पैसे परत द्यायची हिंमत नाही, आणि खिशात घातले की सामील. नंतर सोडायचा विषय काढला तेव्हा दादा म्हणाला जा की, पण टीप कुणी दिली ते मालकाला कळलं तर मी काय करू. हे सगळं मला तो मुलगा वर्ष-दीड वर्षाने रडत रडत सांगत होता, आणि तेव्हासुद्धा मध्येच म्हणाला की सर दादा मनाने चांगला होता.

त्या माणसाला भेटायला अजिबात जाऊ नका. तो खुर्ची देईल, चहा सांगेल, 'मावशी टेन्शन घेऊ नका, माझ्या धाकट्या भावासारखा आहे' म्हणेल. आणि रात्री पोराला ऐकवेल की तुझ्या घरच्यांनी माझी इज्जत काढली, आता तूच बघ काय ते.

लेस्टरकर:

मास्तरांना +१. मी इंग्लंडमध्ये शाळेत काम करते, मुलांच्या सुरक्षिततेच्या टीममध्ये, आणि ही पोस्ट वाचून अंगावर काटा आला कारण हेच सगळं इकडे रोज बघते. इकडे याला 'काउंटी लाइन्स' म्हणतात. लंडन, बर्मिंगहॅम, लिव्हरपूल अशा मोठ्या शहरातल्या टोळ्या एका मोबाइल नंबरवर ऑर्डरी घेतात आणि हेरॉइन, क्रॅक लहान गावांत पोचवायला चौदा-पंधरा-सोळाची मुलं ट्रेनने पाठवतात. मोठा माणूस मालाला हात लावत नाही, पकडलं जातं ते पोर. शाळेतून काढलेली, घरी भांडणं असलेली मुलं आधी निवडतात. पण हल्ली चांगल्या घरची, कधीच पोलिसांच्या नजरेत नसलेली मुलंसुद्धा, कारण त्यांच्यावर संशय येत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. नवीन पोराला माल देऊन पाठवतात आणि वाटेत त्याला लुटतात. लुटणारे त्यांचेच असतात! पोराला ते माहिती नसतं. मग म्हणतात एवढ्याचा माल घालवलास, आता फेड. तिथून पुढे ते पोर पगारावर नसतं, कर्जावर असतं, आणि कर्ज कधी संपत नाही कारण हिशोब त्यांच्याकडे. मारहाण, आईला बघून घेऊ वगैरे धमक्या हे नंतर येतं. भाचा 'शब्द दिलाय' म्हणाला आणि रडला, त्यावरून मला वाटतंय की कसलं तरी देणं त्याच्या डोक्यावर बसवलंय. फोन हरवला, गाडीला खरचटलं, पाकिटातले पैसे कमी आले, असलं काहीतरी. शांतपणे विचारून बघा. 'काय केलंस' असं नको, 'तुझ्याकडून त्याचं काही येणं आहे का' असं विचारा.

इकडे २०१५च्या मॉडर्न स्लेव्हरी कायद्यात अशा मुलांना बचावाची सोय आहे, म्हणजे शोषणातून गुन्हा करायला लावला असेल तर. सगळ्या गुन्ह्यांना नाही लागू, आणि प्रत्यक्षात वकील चांगला लागतो, पण निदान प्रश्न तरी विचारला जातो की याच्या मागे कोण आहे.

निशाचर_वाचक:

गुन्हेगारीवर वाचायचा नाद आहे म्हणून दोन जुन्या केसेस सांगतो, ताई तुम्हाला घाबरवायला नाही, फक्त पद्धत किती सारखी असते ते बघा.

एक टेक्ससमधल्या ह्यूस्टनची, १९७० ते ७३. डीन कॉर्ल नावाचा तिशीतला माणूस, आईचा कँडीचा कारखाना होता, शेजारच्या पोरांना फुकट गोळ्या वाटायचा म्हणून सगळ्यांना आवडायचा. प्रत्यक्षात त्याने निदान २८ मुलगे आणि तरुण पळवून मारले. आणि ती मुलं त्याच्यापर्यंत आणली कुणी, तर दोन पोरांनी. डेव्हिड ब्रूक्स त्याला भेटला तेव्हा बारा वर्षांचा होता, आईबाप वेगळे झालेले, कॉर्ल त्याला पैसे द्यायचा, राहायला जागा द्यायचा, त्याच्यावर अत्याचारही करायचा, पुढे गाडी घेऊन दिली. ब्रूक्सने एल्मर वेन हेन्लीला आणलं, बाप दारुडा आणि मारकुटा, शाळा सुटलेली, घरात पैशाची ओढाताण. हेन्लीलाही आधी छोट्या-मोठ्या चोऱ्या, मग सांगितलं की डलासमध्ये मुलं विकणारी टोळी आहे, एक मुलगा आण, २०० डॉलर देतो. हेन्लीने स्वतःच्या ओळखीतली पोरं नेली. ऑगस्ट १९७३ मध्ये त्यानेच कॉर्लला गोळी घातली आणि पोलिसांना फोन केला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मुलं एकाच भागातून गायब होत होती आणि आईबाप तक्रारी घेऊन जायचे तेव्हा पोलीस म्हणायचे घरातून पळून गेला असेल, येईल परत. हे मला जास्त खटकतं.

दुसरी २००२ची वॉशिंग्टनची स्नायपर केस. जॉन मुहम्मद आणि ली मालवो. मालवो जमैकाचा, बाप लांब, आई कामासाठी त्याला या ना त्या घरी ठेवून जायची. मुहम्मद त्याला अँटिग्वात भेटला, चाळिशीचा माजी सैनिक, स्वतःच्या मुलांचा ताबा गेलेला. याला मुलगा म्हणून जवळ केलं, अमेरिकेत आणलं, बेघरांच्या शेल्टरमध्ये बापलेक म्हणून राहिले. खाणं, व्यायाम, नेमबाजी, काय वाचायचं, सगळं तो ठरवायचा. मग ऑक्टोबरमध्ये तीन आठवड्यांत दहा माणसं मारली. मालवो सतरा वर्षांचा. पकडल्यावर त्याने आधी सगळ्या गोळ्या मीच झाडल्या असं सांगितलं, त्या माणसाची फाशी टळावी म्हणून! पुढे कबुली बदलली. मुहम्मदला २००९ मध्ये मृत्युदंड दिला.

रोखठोक_अण्णा:

अहो पुण्याच्या पोराचा विषय चाललाय आणि तुम्ही अमेरिकेतले खुनी कुठे आणता? आणि ज्या दहा जणांना गोळ्या घातल्या त्यांच्या घरच्यांनी काय करायचं, बिचारं पोर म्हणून माफ करायचं?

निशाचर_वाचक:

माफ कुणी केलंय अण्णा? हेन्ली आणि मालवो दोघंही जन्मठेपेत आहेत, ब्रूक्स तर शिक्षा भोगतानाच २०२० मध्ये गेला. अडकवलं म्हणून केलेलं पुसलं जात नाही. पण हेन्ली पंधराचा असताना त्याला कुणी विचारलं असतं की हा माणूस तुला एवढे पैसे का देतोय, तर पुढची काही मुलं वाचली असती. घाटावरची ताईंचा भाचा आत्ता त्या टप्प्यावर आहे म्हणून लिहिलं.

काळा_कोट:

वकील आहे, पण ही पोस्ट म्हणजे वकिली सल्ला नाही, कागद बघितल्याशिवाय कुणीच देऊ नये. सर्वसाधारण सांगतो.

आधी पासबुक. बहिणीला सांगा, काही झालं तरी खातं, कार्ड, सिम द्यायचं नाही. ही भाड्याची खाती सायबर फ्रॉडचे पैसे फिरवायला वापरतात. कुठल्या तरी राज्यातल्या म्हाताऱ्याला शेअर ट्रेडिंगच्या नावाने लुबाडतात, ते पैसे तुमच्या खात्यात येतात आणि तासाभरात पुढे जातात. मग तिकडचे पोलीस खातं फ्रीझ करतात, नोटीस खातेदाराला येते. पगार त्याच खात्यात असेल तर तोही अडकला, आणि आरोपी म्हणून नाव बहिणीचं. भाच्याने आधीच कार्डाचा फोटो किंवा ओटीपी दिला असेल तर आजच बँकेत लेखी कळवा, पोच घ्या. अनोळखी पैसे आले असतील तर खर्च करू नका, बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर फोन करा.

सॅक पुन्हा आली तर उघडू नका, फेकूनही देऊ नका, आधी वकिलाला फोन.

आता कायदा. या दादा लोकांचं आवडतं वाक्य असतं, तू अठराच्या आतला आहेस, तुला काही होत नाही, दोन महिन्यांत बाहेर. हे अर्धसत्य आहे. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून त्याची केस प्रौढांसारखी चालवायला पाठवू शकतं. भाचा सोळा पूर्ण आहे, त्याला हे सांगा, कुणीतरी सांगितलं पाहिजे.

आणि दुसरं, जे दादा कधीच सांगत नाही. मुलांना बेकायदा कामाला वापरणाऱ्या मोठ्या माणसाला त्याच कायद्याच्या कलम ८३(२) खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ९५ आहे, मुलाला गुन्हा करायला कामाला लावलं तर किमान तीन, कमाल दहा वर्षं, आणि तो गुन्हा घडला तर लावणाऱ्याला तो स्वतः केल्यासारखी शिक्षा. कागदावर कायदा कडक आहे. प्रत्यक्षात एफआयआरमध्ये पोरांची नावं येतात आणि कलम ९५ लावा म्हणून कुणीतरी मागे लागावं लागतं, हे अनुभवाने सांगतो.

घाटावरची:

सगळ्यांचे खूप आभार. लेस्टरकर ताई, तुम्ही म्हणालात तसंच विचारलं. आधी काही नाही काही नाही, मग रात्री आजी झोपल्यावर बोलला. दादाची बुलेट याच्या हातून पडली होती, इंडिकेटर फुटला, टाकीला पोचा आला. दादा तेव्हा हसला म्हणे, अरे पोरं आहेत, होतं. महिन्याभराने म्हणाला अठरा हजार खर्च आला, पण तू टेन्शन घेऊ नको, काम करून फेड. सॅक त्यातलीच होती, आणि खातं दिलं की सगळं मिटवतो म्हणाला. बहीण आता म्हणतेय की मंगळसूत्र मोडते पण त्याचे पैसे तोंडावर फेकू. देऊन टाकावेत का? आणि पोलिसात गेलो तर याचं नाव लागेल का कुठे?

सुटलेला_एक:

हे वाचून लॉगिन केलं. मी पण एकाच्या मागे होतो सतरा-अठराव्या वर्षी, आता डिलिव्हरी करतो, लग्न झालंय, जास्त काही सांगत नाही.

पैसे देऊ नका मावशी. दिले की त्याला कळतं घरात पैसे आहेत. माझ्या आईने दिले होते, पंधरा दिवसांनी नवीन हिशोब काढला, व्याज म्हणे. त्याला पैसे नकोच असतात हो, पोरगं पाहिजे असतं. आणि आत गेल्यावर काय करतात ते पण सांगतो. मला पकडलं तेव्हा पहिल्या तारखेला वकील त्याने पाठवला, आईला वाटलं देवमाणूस आहे. वकील मला भेटून काय म्हणाला तर, भाऊचं नाव घेऊ नकोस, बाकी बघतो. दुसऱ्या तारखेला तो वकील आलाच नाही. निरीक्षणगृहात एक बिस्किटचा पुडा पण कुणी आणला नाही, आणि बाहेर त्याने माझ्या जागी दुसरा ठेवला होता, माझ्याच गल्लीतला, माझ्याहून लहान. त्याच्या स्टेटसला तीच बुलेट. ते कळलं तेव्हा खरं डोकं ठिकाणावर आलं माझं, लेक्चर कुणाचंच ऐकलं नव्हतं तोपर्यंत.

गावी पाठवणार असाल तर नुसतं पाठवून उपयोग नाही, रिकामं बसलं की इन्स्टावरून परत कॉन्टॅक्ट होतो. मला मामाने त्याच्या गॅरेजला लावलं, सकाळी आठ ते रात्री आठ, हात काळे, सिम दुसरं. पहिले दोन महिने मामाला रोज शिव्या घातल्या. तो फोन पण परत करा त्याचा, पण भाच्याने जायचं नाही, घरातल्या मोठ्या पुरुष माणसाने चार लोकांसमोर द्यायचा, आणि एक शब्द जास्त बोलायचा नाही.

रोखठोक_अण्णा:

भावा, पट्ट्याचं मी वर जे लिहिलं ते असो. पोराला गॅरेजचं किंवा वेल्डिंगचं काम शिकायचं असेल तर चाकणला माझ्या मेहुण्याचं वर्कशॉप आहे, ताई व्यनि (खाजगी मेसेज) करा.

काळा_कोट:

ताई, 'सुटलेला' म्हणतो तेच, पैसे देऊ नका. फोन परत देण्याआधी त्यातले मेसेज, कॉल लॉग, रील्स यांचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर घेऊन ठेवा, विशेषतः अठरा हजार आणि खात्याबद्दलचे. भाच्याकडून सगळं तारखांसह लिहून घ्या, पण त्याची प्रत कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका, मामालासुद्धा नाही, ते आधी वकील बघेल.

पोलिसांचं म्हणाल तर थेट चौकीत एकटं जाऊन बसू नका. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याशीच बोला, सोबत वकील असू द्या. त्याहून सोपा रस्ता म्हणजे १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन किंवा जिल्ह्याची बालकल्याण समिती. भाच्यावर आज कुठला गुन्हा दाखल नाही, त्यामुळे तो काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणून समितीपुढे येऊ शकतो, आणि हे गुन्हा घडायच्या आधी झालेलं केव्हाही बरं. उद्या काही झालंच तरी अल्पवयीन मुलाचं नाव, फोटो छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बंदी आहे, त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, २४ तासांत मंडळापुढे न्यावं लागतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, महिलांना आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ऑफिस असतं. बहिणीची फर्स्ट शिफ्ट असेल तर चारपर्यंत पोचता येईल का बघा, नाहीतर तुम्ही जा आणि तिच्या सहीचा अर्ज न्या.